लाखातला एक

मामांनी आयुष्यभर विमा विकला, त्यामुळे धोका कशाला म्हणतात हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी त्यांची खात्री होती. आपल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांत कॅन्सर होऊ शकेल असं काहीतरी सापडल्याची बातमी त्यांनी वाचली आणि तडक डॉक्टरांचा दवाखाना गाठला.

"काका, त्याचं प्रमाण अगदी किंचित आहे," डॉक्टर म्हणाले. "लाखभर लोकांनी वर्षानुवर्षं ती गोळी घेतली, तर एखाद्याला त्रास व्हायचा. मी दुसऱ्या कंपनीची लिहून देतो, पण गोळी बंद करू नका."

"आणि तो एखादा मीच निघालो तर?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मामांना वाटलं, आपण त्यांना निरुत्तर केलं.

मग मामी रोज चहाबरोबर नवी गोळी त्यांच्या हातावर ठेवायची, आणि तिची पाठ वळली की 'कंपनी बदलली तरी गोळी तीच' असं मनाशी म्हणत मामा ती खिडकीतल्या कुंडीत पुरायचे. डोकं जड व्हायला लागलं, तेव्हा त्याचं खापर त्यांनी चष्म्याच्या नंबरावर फोडलं.

एका सकाळी मामा खुर्चीतून कलंडले. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं.

दोन दिवसांनी तेच डॉक्टर हॉस्पिटलात त्यांना बघायला आले. वाचा कितपत शाबूत आहे हे पाहायला म्हणाले, "काका, काहीतरी बोला बघू." मामांनी सगळा जीव ओठांशी आणला.



"क... कॅन्सर... टळला ना?"