अंतराचा दाखला

विमानतळावरच्या चौकशीच्या खिडकीत बसलेला कारकून दिवसभर एकच पोपटपंची करायचा. अंतर तीनशे वीस किलोमीटर, विमानाला पन्नास मिनिटं. आपल्या गावी परतायचं तिकीट घेऊन आलेल्या आजींनाही त्यानं तेच ऐकवलं. पण आजी हलेनात.

“हे मला लिहून द्या. शिक्क्यासकट.”

“आजी, असा दाखला कुणी देत नसतं. हवाय कशाला?”

“मुलगा बाहेर गाडी लावतोय, त्याच्या हातात ठेवायचाय. चार वर्षं एकच तुणतुणं, घर लांब पडतं म्हणे. शेवटी दुखरे गुडघे घेऊन मीच आले.”

कारकुनाला हसू फुटलं. असले नग जन्माला येतात तरी कसे, असं पुटपुटत त्यानं अंतर लिहिलं, वेळ लिहिली आणि शिक्का ठोकला. वर कौतुकानं म्हणाला, “माझंही गाव तेच, आजी.”

“हो का? आई असते तिथं?”

“असते की.”

“शेवटचा कधी गेला होतास?”

वर्षाला दोन फुकट तिकिटं मिळणाऱ्या कारकुनानं कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसलं.

“आणखी एक लिही,” आजी म्हणाल्या. “तुझ्या आईला मी आजच नेऊन देते.”