आवाज बसलेली तबकडी

"एकदा वाजवून दाखवा, शेटजी," म्हातारा गोपीचंद म्हणाला. "मले ऐकू द्या. मंग द्याची का नाही ते पाहू."

म्हाताऱ्याने लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली तबकडी बाहेर काढली. देवेंद्रकुमारने सोबत आणलेला चावीचा ग्रामोफोन कामरगावच्या त्या सारवलेल्या ओसरीवर मांडला आणि तबकडी दोन्ही हातांनी, कडेला धरून घेतली. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

कारंज्यात त्याचं कापडाचं दुकान होतं, पण जीव गुंतला होता तो वऱ्हाडातल्या जुन्या तबकड्यांत. पुण्यातल्या एका शौकिनाने त्याला हसून विचारलं होतं, "तुमच्याकडे कापूस पिकतो हो, गाणं कुठलं पिकतं?" तेव्हापासून वऱ्हाडच्या माणसाने वऱ्हाडाचं गायलेलं काही कुठे आहे असं कळलं, की तो दुकान नोकरांवर टाकून निघायचा. ही तबकडी तो कितीतरी दिवस शोधत होता. गोपीचंदची बायको पंचफुला तरुणपणी अकोल्याला जाऊन या तबकडीसाठी गायली होती. इकडच्या एकेका गावाचं नाव घेऊन त्याला ओवाळणारं गाणं. पुढे वर्षभरातच ती बाळंतपणात गेली. घरात ग्रामोफोन कधी आला नाही, आणि बायकोचा आवाज चारचौघांत पाटलाच्या वाड्यावर वाजवायला गोपीचंदचं मन धजलं नाही.

देवेंद्रकुमारने चावी दिली. केनवडला काय झालं ते त्याला आठवलं. तिथल्या एका बाईने मेलेल्या भावाचं गाणं ऐकलं आणि तबकडी छातीशी धरून ती जी घरात गेली, ती पुन्हा बाहेर आलीच नाही.

ग्रामोफोनला तबकडीचा वेग कमी-जास्त करायची एक बारीक खुंटी असते. म्हातारा डोळे मिटून, मांडी सावरून बसला होता. देवेंद्रकुमारने अंगठ्याने ती खुंटी पार मागे ओढली. सुई मात्र त्याने कोरी लावली, तबकडीला इजा नको म्हणून.

कर्ण्यातून घोगरा, लांबलेला सूर निघाला. आजारी पुरुष कण्हावा तसा. शब्द एकमेकांत चिकटून ओढत जात होते.

गोपीचंदने दचकून डोळे उघडले. "हे कोन हाय?"

"तीच आहे, बाबा. तबकडी जुनी झाली. इतक्या वर्षांत उन्हानं, धुळीनं आवाज बसतो."

"बंद करा."

सुई उचलली. म्हातारा अंगणाकडे वळून बसला.

"मी येडा," तो म्हणाला. "मले वाटे, आवाज त्याच्यात हाय, कुठी जाते? चेहरा ध्यानात ठेवला तिचा. चालणं ठेवलं. आवाज नाही ठेवला. या रेकाडीच्या भरोशावर राह्यलो." मग त्याने हात झटकला. "घेऊन जा. आता कायची हाय ते."

संध्याकाळी कारंज्याच्या घरी गाणं लागलं आणि ललिताबाई कणीक मळता मळता उंबऱ्यात येऊन उभी राहिली. कोवळा, लखलखीत गळा. मेडशीचं नाव घेताना तो खट्याळ व्हायचा, कामरगावच्या नावाला थोडा लाजायचा. असं काही वऱ्हाडात गायलं गेलंय हे त्या पुण्याच्या माणसाला ऐकवायचं, असं देवेंद्रकुमारने वाटभर ठरवलं होतं.

"काय गळा आहे हो!" ललिताबाई म्हणाली. "घरच्यायनं दिली कशी अशी रेकाड?"

देवेंद्रकुमारने जेवताना पोळी मोडली आणि तशीच ठेवली.

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने तो ग्रामोफोन मांडीवर घेऊन कामरगावला परत गेला. गोपीचंद ओसरीवर वाखाचा दोर वळत बसला होता. देवेंद्रकुमार खाली बसला, चावी भरपूर दिली, खुंटी जागेवर ठेवली आणि सुई टेकवली.

म्हाताऱ्याच्या हातातला दोर थांबला. तो पुढे झुकला, कान अगदी कर्ण्याशी नेला. गाणं संपलं तसा म्हणाला, "अजून एकडाव." पुन्हा लागलं. त्याचे ओठ हलत होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या. अंधारात हात घालून काही चाचपावं तसा तो ऐकत होता.

"लय गोड हाय," शेवटी तो म्हणाला. "कोन हाय हे बाई?"

"पंचफुलाबाई, बाबा. कालचीच तबकडी. काल खुंटी मी मागे ओढली होती. मुद्दाम. तुम्ही ऐकली असती तर मला दिली नसती." देवेंद्रकुमारने तबकडी काढून त्याच्यापुढे ठेवली. "ही तुमची आहे. ठेवून घ्या."

गोपीचंदने त्याच्याकडे पाहिलं. तोंडावर राग नव्हता. त्याने देवेंद्रकुमारच्या पाठीवरून हात फिरवला.

"बुढ्याच्या मनासाठी एवढं करून राह्यले तुमी. खोटं बोलायचीबी तयारी केली."

"खोटं नाही, बाबा. देवाशपथ."

"माह्या कानाले तिची ओयख पटून नाही राह्यली, शेटजी. रातभर तो कालचा कण्हताच आवाज घुमून राह्यला डोक्यात. तोच तिचा असंन. शेवटी लय तरास झाला होता तिले."

त्याने तबकडी हलकेच उचलली, कडेला धरून, जशी काल देवेंद्रकुमारने धरली होती. धोतराच्या सोग्याने पुसली आणि त्याच्या हातात परत दिली.

"न्या. दुसऱ्या बाईचा आवाज मी घरात कायले ठेवू?"