पेलेचा पाचवा मग

भट्टीचं दार उघडलं आणि नोहेआने कपाळावर हात मारून घेतला. ज्वालामुखीच्या देवीच्या, पेलेच्या चेहऱ्याचा तिसरा मगही तडकला होता. शेजारच्या मगावरचा डुक्करदेव कामापुआ मात्र ठणठणीत, दात विचकून हसत होता. “अगं, भांडून अख्खं बेट वाटून घेतलं त्या दोघांनी,” सासूबाई म्हणाल्या, “आणि तू त्यांना खेटून बसवतेस?” “आई, माती ओली राहिली होती, बाकी काही नाही!” नोहेआ करवादली. पण असे मग जमवणारं गिऱ्हाईक जोडीसाठी अडून बसलं होतं. शेवटी तिने दोघांना वेगवेगळं भाजलं. दोन्ही धडधाकट निघाले. दोन खोकी देऊन तिने नवऱ्याला हिलोच्या पोस्टात पिटाळलं. तो शीळ घालत, एक रिकामं खोकं झुलवत परतला. “एकातच मावले की दोघं!” नोहेआने सासूकडे पाहिलं नाही. बाह्या सरसावून तिने पेलेसाठी नवी माती मळायला घेतली.