मधले साहेब

वाटीत चमचा खणकन पडला आणि जेवणाच्या टेबलावरची शांतता मोडली.

"भाजी वाढू?" आसावरीने विचारलं.

"स्वल्प," अजित म्हणाला.

आठवडाभर दोघांचं बोलणं एवढ्यावरच आलं होतं. हेब्बाळच्या एकाच हॉस्पिटलात ती नर्सेसची प्रतिनिधी आणि तो व्यवस्थापनाचा. रात्रपाळी करून घरी निघालेल्या नर्सला दिवसपाळीसाठी पुन्हा थांबवू नये, एवढीच मागणी होती. आसावरी स्वतः अशा दोन पाळ्यांनंतर बसमध्ये झोपून, आपला थांबा मागे टाकून, थेट येलहंक्याला पोचली होती! पण घरात या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. नाहीतर मैत्रिणी म्हणाल्या असत्या, "अक्का, स्वयंपाकघरातच मिटवलंत वाटतं?"

दुसऱ्या दिवशी कामगार खात्याच्या साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं, कॉफी मागवली आणि म्हणाले, "सर, आधी मॅडमचं ऐका. मॅडम, मग तुम्ही सरांचं." कॉफी निवायच्या आत ठरलं की यापुढे सलग दुसरी पाळी कुणालाच नाही.

एकाच स्कूटरवरून, वाटेत म्हैसूरपाक घेऊन, दोघं हसत घरी आली. आसावरीने लेकीला मांडीवर घेऊन सगळी हकीकत रंगवून सांगितली. सिद्धीने म्हैसूरपाक खात नीट ऐकून घेतली.



"पण आई, तू आणि बाबा एकाच घरात राहता ना? मग तुमचं बोलणं करून द्यायला ते साहेब कशाला लागले?"