वसिष्ठाच्या शेजारी

अरुंधती दिसेना.

बाळाजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला. चिखलोलीत उठणाऱ्या नव्या टॉवरांच्या वर सप्तर्षी नीट दिसत होते. शेपटीतला मधला वसिष्ठही होता. त्याला बिलगून असणारी बारीक चांदणी मात्र नव्हती.

त्यांनी दुर्बीण वळवली. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर असताना सुट्टीच्या दिवशी काच घासघासून त्यांनी तिचा आरसा स्वतः केला होता. दुर्बिणीत अरुंधती जागच्या जागी चमकत होती. डोळा बाजूला घेतला की गायब.

त्यांनी पुन्हा डोळा लावला, पुन्हा बाजूला घेतला. नव्हतीच.

बाळाजी तसे भाबडे नव्हते. ग्रहण लागलं की कात्रपमधल्या शेजारच्या पोरांना घरापुढच्या गच्चीवर बोलवायचे आणि ग्रहण सुटायच्या आत सगळ्यांना पोहे खायला लावायचे. पण एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून होती. लहानपणी गावच्या अंगणात मामा वर बघत म्हणाला होता, "आज अरुंधती दिसत नाय मला." आजीने तोंडाला पदर लावला होता. जुनी माणसं मानायची, ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे सहाच महिने उरले. मामा दिवाळीआधी गेला.

"कौसा, जरा बाहेर ये गं."

कौसाबाई ओले हात पुसत, चौकटीला टेकत गच्चीवर आल्या.

"अरुंधती दिसते का तुला?"

त्यांनी मान वर केली. "हो. ती काय, वसिष्ठाच्या शेजारी. कुठं जाणार आहे ती?"

"नीट बघ."

"दिसतेय म्हटलं ना! लग्नात भटजींनी दाखवली तेव्हापासून बघतेय. का? तुम्हाला नाही दिसत?"

"दिसते की," बाळाजी म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. आज वर बघायचंच नाही, असं रोज ठरवायचे आणि अंधारून आलं की पाय आपसूक गच्चीकडे वळायचे. वसिष्ठ एकटाच असायचा. कौसाबाईंना विचारलं की उत्तर तेच, "ती काय." दुसऱ्या कुणाला विचारायचा धीर होईना. शेजाऱ्यानेही "दिसते की" म्हटलं तर?

गुपचूप जाऊन त्यांनी छातीचा कार्डिओग्राम काढून आणला. तो चांगला निघाला. त्याने भीती कमी व्हायच्याऐवजी वाढलीच, कारण आता मरण कुठल्या बाजूने येणार तेच कळेना. ते जिन्याचा कठडा धरून उतरू लागले. मागून रिक्षाचा हॉर्न वाजला तरी भिंतीला चिकटून उभे राहायचे.

मग त्यांना कौसाबाईंची काळजी लागली. मुलगा उन्मेष पुण्यात. आपल्यामागे ही घरात एकटी. एका दुपारी ते तिला फोनवरून गॅसचा नंबर लावायला शिकवायला बसले.

"हे बघ, इथं दाबायचं."

कौसाबाईंनी फोन हातातसुद्धा घेतला नाही. "मला नको ते. तुम्ही आहात ना?"

"आणि मी नसलो तर?"

कौसाबाई एकदम हुंदका देऊन रडायला लागल्या. काही केल्या थांबेनात. बाळाजी चरकले. हिला कळलंय, त्यांना वाटलं.

विचार करू लागले तसं सगळं जुळत गेलं. अलीकडे तिचं कशात लक्षच नसायचं. मध्ये दोनदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. बाजारात ती एकटी जातच नव्हती. भाजीवाल्या गंगूला दारात बोलवायची. बाहेर निघालीच तर बाळाजींचा दंड घट्ट धरून चालायची. चारचौघांत नवऱ्याचं बोटही न धरलेली बाई! एकटी असली की डोळे मिटून बसलेली दिसायची, जप केल्यासारखी. नवऱ्याचं मरण बायकोला आधी कळतं, असं आई म्हणायची, तेही नेमकं आता आठवलं.

शेवटी त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. निदान डोळ्यांतच दोष निघू दे, एवढं ते देवाला विनवत होते. कौसाबाई घरी थांबायला तयार होईनात. दोघं रिक्षाने अंबरनाथला गेले.

डॉक्टर कीर्तीने गेल्या वर्षी त्यांचा मोतीबिंदू काढला होता. मुलगी तरुण, पण हात हलका. तिने त्यांना समोरच्या बोर्डावरची अक्षरं वाचायला लावली. बाळाजींनी तळाची ओळसुद्धा घडाघडा वाचली. म्हणजे दोष डोळ्यांत नव्हता.

"काका, डोळे एकदम क्लिअर आहेत. मग टेन्शन कसलं घेतलंय?"

बाळाजींना राहवेना. शेजारी कौसाबाई बसल्या होत्या तरी त्यांनी सगळं सांगून टाकलं. मामा, आजी, सहा महिने.

डॉक्टर खळखळून हसली. "अहो काका! त्या चिखलोलीच्या टॉवरांच्या साइटवर रात्रभर फ्लडलाइट असतात ना, त्याने आख्खं आकाश पांढरं झालंय. मी पण कात्रपलाच राहते. परवा भाचीला दाखवायला गेले, नाही सापडली. साध्या डोळ्यांनी आपल्याकडे आता ती कुणालाच दिसत नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच."

बाळाजींनी किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं आणि तसेच ते हसू लागले. "ऐकलंस, कौसा? मी उगाच जिवाला घोर लावून घेतला!" मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवून कौतुकाने म्हणाले, "पण डॉक्टर, नजर असावी तर हिच्यासारखी. तुमच्या फ्लडलाइटला भीक घालत नाही. हिला रोज दिसते."

डॉक्टरचं हसू मावळलं. तिने स्टूल ओढून कौसाबाईंच्या समोर घेतलं आणि छोटी बॅटरी पेटवून आधी एका डोळ्यावर धरली, मग दुसऱ्या. कौसाबाई तशाच ताठ बसून राहिल्या. पापणीही लवली नाही.

डॉक्टरने बॅटरी विझवली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"काकू," ती हळूच म्हणाली, "दिसायचं बंद होऊन किती दिवस झाले?"