भोपळ्याचं तोंड

आमच्या भोपळ्याच्या तोंडाला पाच वर्षं गटाराचा वास यायचा, आणि पाच वर्षं मी त्याच तोंडाच्या पाप्या घेतल्या. खास कुत्र्यांचा ब्रश आणला, पेस्ट आणली. दोनदा कडकडून चावला, पण दात काही घासू दिले नाहीत. गेल्या आठवड्यात मात्र एकटाच फिरून आला तो पांढरेशुभ्र दात घेऊन, आणि तोंडाला चक्क पुदिन्याचा वास! माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

आज गुपचूप त्याच्या मागे गेलो. स्वारी थेट खालच्या मजल्यावर, शिलाईवाल्या काकूंकडे.

“काकू, कधीपासून चाललंय हे?” मी दारातूनच विचारलं. “याचे दात घासता तुम्ही!”

काकूंनी मशीन थांबवलं. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. “म्हणजे तू नाही घासत? मेल्या, आठवडाभर तुझ्यावर जळतेय मी!”

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी शीळ घातली. भोपळ्या आम्हा दोघांकडे ढुंकूनही न बघता जिना उतरला. मी खिडकीकडे धावलो, तर काकूंनी माझा हात धरला.

“नको रे बघूस. आपल्यापेक्षा देखणं कुणी निघालं तर?”