उकिरड्यातलं मडकं

जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या हरणाबाईनं गूळ अन् बाभळीची साल मडक्यात सडायला घातली होती. चार दिवस झाले तरी एक बुडबुडा नाही. पाचव्या दिवशी निजामाचा अबकारी जमादार झडतीला आला.

त्याच्या माणसाची कुदळ उकिरड्याकडं वळली, तशी हरणाबाईनं घरातलं मडकं आणून जमादाराच्या पुढ्यात ठेवलं. "तिकडं काय हुडकता जमादारसाब? दारू इथं हाय. पर मेली फसफसंना. आता न्या मला धरून!"

जमादारानं बोट बुडवून चाखलं अन् कपाळावर हात मारला. "अगं, कढत पाणी वतलंस व्हय? मेलं की ते! कोमट पाणी घे, नवा गूळ घाल अन् उकिरड्यात पुरून ठेव. उबीनं येतंय. सातव्या दिवशी मी येतो प्यायला. तवर उकिरड्याला कुणी हात लावला तर त्याची खैर न्हाय!"

त्यानं गावभर दवंडीच दिली.

हरणाबाईनं मडकं पुरलं, पण वरच्यावर. खाली रझाकारांशी लढणाऱ्या पोरांच्या अकरा बंदुका होत्या, अन् आता त्यांच्या राखणीला खुद्द निजामाचा जमादार होता.